शिंपल्यातली बेनिल्दे

स्पेनमधल्या आमच्या व्हालदेरोन गावच्या थिएटरात स्टेजच्या पुढच्या कडेला, अगदी मधोमध, लाकडाचं एक अर्धगोल टोपण आहे. प्रेक्षकांकडे त्याची पाठ, नटांकडे तोंड. त्याला सगळे शिंपला म्हणतात. शिंपल्याखाली खड्डा, खड्ड्यात एक बुटकी खुर्ची, एक दिवा, आणि त्या खुर्चीवर चौतीस वर्षं बेनिल्दे.

बाहेरच्या माणसाला वाटतं, प्रॉम्प्टर म्हणजे नट अडला की शब्द सुचवणारी बाई. आमच्याकडे तसं नाही. आमच्याकडे बेनिल्देमावशी अख्खं नाटक बोलते. प्रत्येकाची प्रत्येक ओळ, अर्धा श्वास आधी, ओठ हलले न हलले असे. नट ती कानाने उचलतो आणि तोंडाने सोडतो. आमच्या आज्यापणज्या अशाच स्टेजवर उभ्या राहिल्या. शंभर वर्षांपूर्वी चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्या माणसाने गावासाठी तीन संगीत नाटकं लिहून ठेवली. तीच आम्ही दर सप्टेंबरला, जत्रेच्या रविवारी, आलटून पालटून करतो. गाणी गावातल्या कोंबड्यांनासुद्धा पाठ आहेत. गद्य कुणालाच पाठ नाही. फक्त हे आम्हाला माहीत नव्हतं. विचारलंत तर प्रत्येक जण छातीवर हात ठेवून सांगेल, "मला? मला प्रॉम्प्टर लागतच नाही!"

हे सगळ्यात मोठ्याने सांगायचे लिओन्सिओ, आमचे औषधवाले.

"बेनिल्देचं पुटपुटणं मला उलट त्रासाचं होतं," ते म्हणायचे. "बाकीच्यांसाठी चालवून घेतो."

मावशी म्हणायची, "हो का? मग तुमच्या वेळेला गप्प बसते की."

"नको, नको. ताल जातो ना मग."

मावशीचं चौकात बटणं, दोरे, अस्तर, लेस यांचं दुकान. लग्न नाही. का नाही, असं मी एकदा विचारलं तर म्हणाली, "एकाचंच ऐकायचं आणि त्यालाच ऐकवायचं, मला कंटाळा आला असता." उंची बेताची, खांदे रुंद, चष्मा साखळीने गळ्यात. खड्ड्यात बसल्यावर तिचे डोळे स्टेजच्या फळ्यांच्या रेषेत यायचे, त्यामुळे माणसं तिला खालून वर कळत गेली. "रेमेदिओसची डावी टाच झिजते, म्हणजे ती घाबरलीय. लिओन्सिओ खोटं बोलतो तेव्हा अंगठे वर करतो, बुटातसुद्धा दिसतं." मी सारागोसा शहरात जाऊन तीन वर्षं अभिनय शिकून आले. हालचालीच्या तासाला जे कळलं नाही ते मला तिच्या गल्ल्याशेजारच्या स्टुलावर बसून कळलं.

आणि कोस्मेकाका. आल्कान्यिसच्या बसचे ड्रायव्हर, एकतीस वर्षं. वळणावर हॉर्नऐवजी गळा वापरायचे, असं लोक सांगतात. आवाज खाली पिंपात घुमल्यासारखा. प्रत्येक नाटकातला म्हातारा बाप, मोठा जमीनदार, रागीट गिरणीवाला तेच. बायको जाऊन नऊ वर्षं झाली, मुलगी सग्रारिओ सारागोसाला नर्स.

सिनेमावाले गावात यायच्या दोन वर्षं आधी मी दुकानात चेन घ्यायला गेले होते तेव्हा काका आले.

"काळी बटणं दे, चार. कोटाची."

"चारच?"

"कोटाला चारच असतात, बाई. तूच विकतेस ना बटणं?"

मावशीने पुडी बांधून दिली. काका गेले. ती ड्रॉवर तसाच उघडा ठेवून उभी राहिली.

"मंगळवारी चार," ती म्हणाली. "काल चार. आज चार."

"नवीन कोट शिवतायत की काय गावाला?" मी हसून म्हटलं.

ती हसली नाही. तेवढ्यात काका परत दारात. आत आले नाहीत, उंबऱ्यावरच टोपी हातात फिरवत राहिले.

"बेनिल्दे, या वर्षी शब्द जरा लवकर दे."

"किती लवकर?"

"जरासे."

"बरं."

बस्स, एवढंच. याच्यापुढे त्या दोघांत यावर एक अक्षर बोललं गेलं नाही, हे मी खात्रीने सांगू शकते, कारण मला नंतर फार वेळ वाट पाहूनही ते ऐकायला मिळालं नाही. त्या वर्षी मावशीने काकांची ओळ अर्ध्या श्वासाऐवजी पूर्ण श्वास आधी दिली. त्याच्या पुढच्या वर्षी आधी त्यांचं पात्रातलं नाव, मग कुणाशी बोलतायत त्याचं नाव, मग ओळ. गाण्यांना मात्र तिला काहीच करावं लागायचं नाही. बँडने सूर दिला की काका आतून जसेच्या तसे बाहेर यायचे, एक मात्रा इकडे नाही की तिकडे नाही. प्रेक्षक उभे राहून टाळ्या वाजवायचे. म्हणायचे, कोस्मे दर वर्षी तरुण होतोय.

मग बोर्हा आला. माद्रिदचा सिनेमा दिग्दर्शक, पस्तिशीचा, दाढी बारीक, बूट मळवायला घाबरणारा. गावच्या क्लबात सभा घेऊन त्याने आम्हाला समजावलं.

"आम्ही माहितीपट करतोय. म्हणजे दिसेल माहितीपटासारखा, पण असेल रचलेला. एक लहान गाव, तिथलं संगीत नाटक, तालमीतले घोटाळे. माझे चार नट तुमच्यात मिसळतील."

"म्हणजे खोटा माहितीपट," लिओन्सिओ म्हणाले.

"तसंच काहीसं."

"मग खोटं कोण बोलणार, तुम्ही की आम्ही?" काकांनी विचारलं.

सगळे खदखदून हसले. बोर्हासुद्धा. त्याने ते वाक्य लगेच वहीत लिहून घेतलं. गावाला वाटलं, आवडलं त्याला आपलं गाव. मलाही वाटलं. मी तर पंधरा दिवस आधीच त्यांच्या पगारावर लागले होते, गावाची ओळख करून द्यायला. म्हणजे त्याला चौकातून हाताला धरून आणणारी मीच.

तालमींना प्रत्येकाच्या कॉलरखाली छोटा माइक. एक शिंपल्यातही, "आवाज गोळा करायला". आठव्या-नवव्या तालमीनंतर बोर्हा कानाला हेडफोन लावून बसला होता, मला हाताने बोलावलं, हेडफोनची एक बाजू माझ्या कानाला लावली. त्यात मावशीचा आवाज होता, श्वासापेक्षा थोडा जड: *ब्लास. मुलीशी. "तुझ्या आईने हा घाणा..."* आणि मग काकांचा पिंपातला आवाज, "तुझ्या आईने हा घाणा..."

"म्हाताऱ्याला काहीच आठवत नाही," बोर्हा म्हणाला. डोळे चमकत होते. "एक शब्द नाही! आणि गाव त्याला डोक्यावर घेतं. अगं, हाच तर आपला सिनेमा."

मी म्हटलं, "सगळ्यांनाच ती देते." खरं म्हणजे एवढं बोलून मी गप्प बसले. आणखी सांगायला हवं होतं. पण चार वर्षांनी मिळालेलं पहिलं काम होतं.

त्याने माझं बोलणं ऐकलंच नाही. हेडफोनमध्ये त्याला काकांचंच ऐकायचं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो दुकानात गेला. मीही बरोबर. मावशी एका बाईला हिरव्या छटेतले सतरा दोरे उन्हात धरून दाखवत होती. बाई गेल्यावर बोर्हा गल्ल्यावर दोन्ही कोपरं टेकून गोड आवाजात म्हणाला,

"बेनिल्देबाई, एक मदत हवी. दुसऱ्या अंकात घाण्यावरचा प्रवेश आहे, बाप मुलीच्या लग्नाला नकार देतो. तिथे कोस्मेंची ती लांब ओळ येते. तेवढ्या एका ओळीला तुम्ही गप्प राहायचं. फक्त दहा सेकंद. कॅमेरा त्यांच्या चेहऱ्यावर असेल."

"आणि ते?"

"ते अडतील. मग काय होतं ते बघू. लोक प्रेमाने हसतील हो."

"प्रेमाने हसणाऱ्याला कॅमेरा कशाला लागतो?" मावशी म्हणाली.

बोर्हा हसला, मग हसणं आवरलं. "हे बघा, माझ्याकडे एक नटी आहे, प्रॉम्प्टरच्याच भूमिकेसाठी आणलेली. तुम्हाला त्रास नको असेल तर त्या दिवशी शिंपल्यात ती बसेल. नगरपालिकेशी आमचा करार आहे, स्टेज पूर्ण आमचं. निवड तुमची."

मावशीने दोऱ्यांची रिळं एकेक करून जागेवर ठेवली. सतराच्या सतरा. मग म्हणाली, "मीच बसते."

तो गेल्यावर मी म्हटलं, "मावशी, नाही म्हणायचं होतंस! मी सगळ्यांना सांगते. आपण कुणीच काम करत नाही."

"काय सांगशील? का म्हणून नाही करत? कारण विचारतील ना."

कारण सांगायचं तर काकांचं नाव घ्यावं लागलं असतं.

"बघ पोरी," ती म्हणाली, "कोस्मेला काय होतंय ते मला कळतं, त्याला कळतं. सांगायचं तर त्याने सांगावं. सग्रारिओला, घरी, जेवणाच्या टेबलावर, स्वतःच्या तोंडाने. माणसाचं तेवढं तरी असतं. त्याच्या मुलीला ते थिएटरात तिकीट काढून कळायला नको."

"मग तू काय करणार?"

"मी काय करणार? मी खड्ड्यात बसणार."

जत्रेचा रविवार. संध्याकाळी सहाचा खेळ, बाहेर अजून लख्ख ऊन, आत तीनशे माणसं, हातपंखे आणि बडीशेपेच्या बिस्किटांचा वास. सग्रारिओ सुटी घेऊन आली होती, चौथ्या रांगेत. पाच कॅमेरे. पहिला अंक लोण्यासारखा गेला. मी तेलाच्या घाण्याच्या मालकाची मुलगी. मध्यंतरात लिओन्सिओ आरशापुढे म्हणाले, "आज मी पेटलोय. कुणाच्या लक्षात आलं का?"

दुसरा अंक. घाण्याचा प्रवेश. स्टेजवर आम्ही पाच जण: कोस्मेकाका म्हणजे बाप ब्लास, मी, आत्या झालेली रेमेदिओस, लग्नाचे कागद करणारे नोटरी म्हणजे लिओन्सिओ, आणि माझा नियोजित नवरा झालेला माद्रिदचा नट. काकांची ती ओळ प्रवेशाच्या मधोमध येते, बाराव्या-तेराव्या बोलण्यानंतर. मी शिंपल्याकडे पाहिलं. मावशी आमच्याकडे बघत होती. चष्मा नाकावर नव्हता, साखळीला लोंबत होता. तिने संहिता मिटली, दोन्ही हात तिच्यावर ठेवले आणि दिवा मालवला.

प्रवेश अजून सुरूच व्हायचा होता.

पहिलं वाक्य लिओन्सिओंचं. ते दमदार पावलं टाकत पुढे आले, घसा साफ केला, हात वर केला. हात वरच राहिला.

"मी..." ते म्हणाले. बुटात अंगठे वर झालेले मला पहिल्यांदा दिसले. "मी नोटरी आहे."

हे वाक्य नाटकात नाही.

"ते दिसतंय," रेमेदिओस म्हणाली. हेही नाही. मग तीही थांबली आणि शिंपल्याकडे अशी पाहायला लागली जशी माणसं बस चुकल्यावर रस्त्याकडे पाहतात. पुढचं वाक्य माझं. सारागोसाची तीन वर्षं, श्वासाचे व्यायाम, भूमिकेत शिरण्याच्या सतराशे साठ पद्धती, सगळं मागे उभं होतं आणि तोंडात एक शब्द नव्हता. मला इतकी वर्षं वाटत होतं की मला पाठ आहे. मला मावशी पाठ होती.

माद्रिदच्या नटाला मात्र सगळं पाठ होतं. बिचारा छापील संहिता वाचून आला होता. तो आपली वाक्यं बोलत राहिला, उत्तराची वाट पाहत राहिला, उत्तर नाही म्हटल्यावर पुढचं वाक्य बोलत राहिला. "तुमचं मौन मला सगळं सांगून जातं!" हे त्याचं पाचवं वाक्य, ते खरोखर नाटकात आहे. त्यावर अख्खं थिएटर फुटलं. मागून कुणीतरी ओरडलं, "लिओन्सिओ, गोळी घे एखादी!" दुसरं कुणी मदतीला म्हणून भलत्याच नाटकातली ओळ ओरडलं. रेमेदिओसला हसू आवरेना, ती पाठमोरी झाली, खांदे हलत होते.

या सगळ्यात काकांची ती लांब ओळ कधी आली आणि कधी गेली, कुणालाही कळलं नाही. ते घाण्याच्या दांड्याला टेकून उभे होते. घाबरलेले नव्हते. आजूबाजूला सगळेच हरवलेले बघून त्यांच्या चेहऱ्यावर एक विलक्षण निवांतपणा आला होता, गर्दीच्या स्टँडवर आपल्याच गावचं माणूस भेटावं तसा. मग बँडमास्तरांचा धीर सुटला. त्यांनी आठ पानं गाळून थेट गाण्याचा सूर दिला. आणि काकांनी छाती भरून घेतली.

त्या दिवशीसारखं ते कधीच गायले नव्हते.

पडदा पडल्यावर बोर्हा विंगेत धावत आला. मावशी खड्ड्याच्या शिडीवरून वर येत होती, एक गुडघा धरून.

"एक ओळ!" तो ओरडला. "मी एक ओळ म्हटलं होतं! सगळा प्रवेश घालवलात!"

"असं होय," मावशी म्हणाली. "मला वाटलं, सगळंच."

"एवढं साधं कळलं नाही तुम्हाला?"

"वय झालं हो साहेब. ऐकू कमी येतं."

चौतीस वर्षं तीनशे लोकांच्या खोकल्यातून कोण कुठे अडलंय हे ऐकणारी बाई! मी तोंड उघडलं. तिने माझ्याकडे पाहिलं. आणि मी ते मिटलं.

चौकात पोचेपर्यंत गावाने निकाल लावून टाकला होता. बेनिल्देला झोप लागली. उकाडा होता, दुपारची व्हरमाउथ वाइन जास्त झाली, डुलकी लागली. रेमेदिओस म्हणाली, तिने घोरणं ऐकलं. लिओन्सिओ तर भयंकर दुखावले होते. "माझा पेटलेला दिवस," ते भेटेल त्याला सांगत होते. "त्या बाईने विझवला." दुसऱ्या दिवशी दुकानात एक बाई आली, इलॅस्टिक घेतलं आणि म्हणाली, "जाग आली का गं?" मावशी म्हणाली, "आली. किती मीटर देऊ?"

प्रसंग एक दिवसाचा, पण आमच्या गावात पुरवून पुरवून वापरतात. हिवाळाभर तेच. ऑलिव्ह तोडताना, पावाच्या रांगेत, चर्चमध्ये प्रार्थनेची वाट बघताना. चौतीस वर्षं तिने कुणाची एक ओळ चुकवली नव्हती, त्याबद्दल कधी कुणी अवाक्षर काढलं नव्हतं. कारण ते दिसतच नव्हतं. दिसली ती एवढी एक डुलकी.

मार्चमध्ये सिनेमा आला. क्लबात पडदा लावला, खुर्च्या मांडल्या, बायकांनी ठेवणीतले कोट घातले. ब्याऐंशी मिनिटं. विनोद म्हणजे आमचे उच्चार. विनोद म्हणजे लिओन्सिओंचा दात कोरणारा हात, जवळून, तीनदा. माद्रिदचे चार नट आमच्यात मिसळले नव्हतेच. आमच्या पाठीमागून कॅमेऱ्याला डोळा मारत होते. खरं बोलणाऱ्यांत चार जण खोटं बोलले की त्यांना वाटतं गंमत होते. होत नाही, फक्त कुणाचंच काही ऐकावंसं वाटत नाही. घाण्याचा प्रवेश त्याने ठेवला होता, पण त्यातून काय निघावं हे त्यालाच ठरवता आलं नव्हतं. सगळेच अडतात, मग गाणं. कॅमेरा काकांच्या चेहऱ्यावर यायचा, तिथे तो निवांतपणा बघून गोंधळायचा आणि दुसरीकडे जायचा. एका वर्तमानपत्राने लिहिलं, 'ना धड टिंगल, ना धड माया.' तेवढी एक ओळ चांगली होती, पण तीही वर्तमानपत्राची.

दिवे लागले. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. आपण मूर्ख दिसलो याचं दुःख होतं की पुरेसे मूर्खही दिसलो नाही याचं, ते ठरत नव्हतं. मग नेहमीसारखी सगळ्यांच्या माना मावशी बसली होती त्या शेवटच्या रांगेकडे वळल्या.

"हिच्यामुळे," लिओन्सिओ म्हणाले. "नाहीतर आपण चांगले दिसलो असतो."

आणि कोस्मेकाका खुर्चीत मागे वळले, हसत हसत म्हणाले, "काय गं बेनिल्दे! चौतीस वर्षांत एकदा झोपलीस, ती पण माझ्याच प्रवेशाला?"

सगळे हसले. काकांना खरंच कळलं नव्हतं? की कळून, गावाच्या हसण्यात आपलं हसू लपवत होते? मी त्यांच्या बुटांकडे पाहिलं. मला मावशीसारखं वाचता येत नाही.

"तुझंच अंगाईसारखं चाललं होतं," मावशी म्हणाली. "झोप लागेल नाहीतर काय!"

एप्रिलमध्ये नाटक समितीची बैठक झाली. विषय एकच. लिओन्सिओंनी उभं राहून सांगितलं की आदर आहे, ऋण आहे, पण वेळ येते. शिंपल्यात आता तरुण माणूस हवं. आरासेली बसेल, शिकलेली आहे. आरासेली म्हणजे मी.

मी म्हटलं, "मी बसणार नाही. तुम्हाला कुणालाच माहीत नाही की त्या दिवशी..."

"पोरी," मावशी म्हणाली. मोठ्याने नाही. तो आवाज मी ओळखते. त्याच्यानंतर माणूस आपलं वाक्य सोडून तिचं घेतं. "त्या दिवशी मला झोप लागली. त्यांचं बरोबर आहे. मी आता थांबते. एकच गोष्ट लक्षात ठेवा, कोस्मेला माझ्या आवाजाची सवय आहे. नवीन माणसाबरोबर त्याला त्रास होईल. थोडं सांभाळून घ्या."

हे ती इतक्या साधेपणाने बोलली की मला वाटलं, ही खरंच फक्त काळजी करतेय.

कोस्मेकाका उठले. वेळ लागला त्यांना, आधी खुर्ची, मग टेबल धरून. "मला कुणी सांभाळायला नको," ते म्हणाले. "चौतीस वर्षं हिने मला बोलतं ठेवलं. हिला काढलंत ना? मग मीही नाही. दुसऱ्या कुणाच्या तोंडचं मी बोलत नसतो. शोधा दुसरा बाप!"

खोलीत एकदम गलका. अहो कोस्मे, असं काय करता. बसा हो. लिओन्सिओंचा चेहरा पांढरा पडला. पण काका टोपी घालून मावशीच्या खुर्चीशी जाऊन उभे राहिले, बसच्या दारात उभे राहून उतारूची वाट बघावी तसे.

गावाने त्यांना निरोप दिला तो असा. मैत्रीखातर भूमिका सोडणारा माणूस म्हणून. समितीने चांदीची तबकडी दिली, त्यावर 'निष्ठेसाठी' कोरलं. बारमध्ये आजही सांगतात: कोस्मे? एका डुलकी काढणाऱ्या बाईसाठी त्याने स्टेज सोडलं, तेही आवाज असताना. त्याला काही आठवेनासं झालं म्हणून तो थांबला, असं कुणीही कधी म्हणालं नाही.

हे तिने ठरवून केलं का? मी विचारलं. ती म्हणाली, "तुला फार नाटक दिसतं गं सगळीकडे."

मला अजून एक गोष्ट खुपते, ती लिहिल्याशिवाय हे व्यक्तिचित्र खोटं होईल. दोन वर्षं ती त्यांना झाकत राहिली. तेवढ्यात डॉक्टर, औषधं, काय काय झालं असतं. तिने ते केलं नाही. मी तिला तेही बोलले, एकदा, बोलू नये तशा आवाजात. तिने ऐकून घेतलं. "असेल," म्हणाली. "मी शब्द द्यायला शिकले. काढून घ्यायला शिकले नाही." मग बराच वेळ ती लेसचं टोक सरळ करत बसली, आणि ते आधीपासून सरळच होतं.

मेच्या शेवटी सग्रारिओ दुकानात आली. पांढरा शर्ट, हातात गाडीची किल्ली, डोळे सुजलेले. मी स्टुलावर होते. जायला उठले तर ती म्हणाली, बस.

"बाबांना मी सारागोसाला नेतेय," ती म्हणाली. "महिनाभर तपासण्या. मग बघू."

मावशीने हातातली लेस खाली ठेवली.

"तुम्हाला माहीत होतं ना?"

"हो."

"मला वाटलंच. मी तुमच्यावर रागावणार आहे, बेनिल्देमावशी. आत्ता नाही, आत्ता मला वेळ नाही. पण रागावणार आहे."

"रागव बाई."

सग्रारिओने गल्ल्यावरची मोजायची लाकडी पट्टी उचलली, परत ठेवली. "काल मसुराची डाळ खात होतो. त्यांनी चमचा ठेवला आणि स्वतःच सांगितलं. मी काहीच विचारलं नव्हतं."

मावशीने चष्मा नाकावर चढवला, जणू समोर काही वाचायचं होतं.

"काय म्हणाला?" तिने विचारलं. "म्हणजे, शब्द काय वापरले त्याने?"

"म्हणाले, 'सग्रारिओ, मी रस्ता विसरायला लागलोय, आणि मला भीती वाटते.'"

मावशीने मान हलवली. मग ती मागे वळून रिळांच्या फडताळाकडे तोंड करून उभी राहिली, आणि बराच वेळ काही शोधत राहिली.

"चांगलं बोलला," ती शेवटी म्हणाली. "मला नसतं सुचलं."